आईचं उत्तर होल्डवर

६ जून
कंपनीत ट्रेनिंग. हेतल मॅडमनी सांगितलं, कुठलीही भावना आली की आधी थांबायचं, तिला नाव द्यायचं, मगच प्रतिसाद निवडायचा. नंतर समोसे आले. माझ्या वाट्याला फुटका. थांबलो. भावना: नाराजी. प्रतिसाद निवडेपर्यंत फुटकाही कुणीतरी उचलला. तरी सुरुवात चांगली.

७ जून
आमच्या प्लांटमध्ये सॅम्पल लॅबला गेलं की रिपोर्ट येईपर्यंत बॅच होल्डवर. कुणी व्हॉल्व्हला हात लावत नाही. भावनांचंही असंच करायचं. अख्ख्या तारापुरात हे कुणाला सुचलं नसेल.

९ जून
नाइट शिफ्ट. सकाळी मला सोडवायला येणारा कुंदन उशिरा आला. रिलीव्हर आल्याशिवाय प्लांट सोडता येत नाही. एरवी त्याची आई-माई काढली असती. आज शांत. भावना: संताप, सौम्य. कुंदन घाबरला. विचारलं, तुला बरं नाय काय? व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव पडतोय.

१० जून
कुंदन आणखी उशिरा. म्हणे, उमरोळीला गाडीच नाय थांबली. मी शांत. त्यानं आज घाबरणंही सोडलं.

११ जून
नागोरावमामा परभणीहून आलेत. शुक्रवारी सकाळी परत जाणार. आईनं विचारलं, मी बी जाऊ का रं यांच्यासंगं? हितं माझं काय काम हाय? छातीत काहीतरी झालं. ते दुःख, अपराधीपणा की ॲसिडिटी, ठरेना. सांगितलं, विचार करून सांगतो. आई बघतच राहिली. बहुतेक कौतुकानं.

१२ जून
आईनं हॉलच्या मधोमध गाठोडं बांधायला घेतलंय. एक लुगडं त्यात ठेवते, काढते, परत ठेवते. मी सोफ्यावर डोळे मिटून. प्रियदर्शिनीचं म्हणणं, अहो, त्या जायला नाही विचारत, तुम्ही नको म्हणावं म्हणून विचारतायत. बायको फार घाईची. तिनंही ट्रेनिंग घ्यायला हवं. सध्या आत काहीच जाणवत नाही. म्हणजे जमायला लागलंय.

१३ जून, शुक्रवार
पहाटे प्लांटवर चहा पिताना रिपोर्ट आला. भावना: आई हवी. प्रतिसाद: जाऊ नको. फोन करणार होतो, पण असलं समोरासमोर सांगायचं असतं. सातला सुटणार, मामांची रिक्षा आठला, घर सालवडला, काही लांब नाही. वेळ भरपूर.

सातला कुंदन नाही. आठला नाही. नऊला हसत आला. मी चार्ज देऊन निघालो. शिव्या देऊन आता उपयोगही नव्हता.

घरी हॉल मोकळा. प्रियदर्शिनीनं सांगितलं, आई शेवटपर्यंत दाराकडं बघत होत्या. रिक्षात बसताना म्हणाल्या, पोरगं नको म्हनलं असतं तर गाठोडं सोडलं असतं. माझ्यासाठी ताटात भाकरी झाकून गेलीय. बसून राहिलो. भावना शोधली. नाव देण्यासारखं काही सापडलं नाही.

दुपारी आईचा फोन आला. विचारलं, जेवलास का? सवयीनं थांबलो. तिनं परत विचारलं. मग फोन कट झाला.

जेवलो नव्हतो. एवढं तरी विचार न करता सांगायला हवं होतं.