पावलांनी मोजलेलं बेट

१९ फेब्रुवारी १९६५

आज सकाळी पक्षी गेले. सगळे!

कॉफी उकळवत होतो आणि आवाज थांबला. लोक आवाज झाला की दचकतात, मी तो थांबला म्हणून दचकलो. बाहेर आलो तर उत्तरेचा अख्खा उतार उठून आभाळात गेलेला. काळी रांग — दक्षिणेकडे. नऊ वाजेपर्यंत चालली होती. मग संपली.

पिल्लं ठेवून गेले.

एलादिओ म्हणाला, "गेले तर गेले, तायता! तुमची परवानगी घेऊन आले होते का?" सहा वर्षं माझ्या जोडीला राखणीवर आहे, पण त्याला हे बेट म्हणजे नोकरी. चिम्बोते बंदरातला माणूस. आम्ही डोंगरातले लोक बापाला म्हणतो तसं मला तायता म्हणतो, पण त्यात मान कमी आणि चेष्टा जास्त.

कदाचित संध्याकाळी परत येतील. एकदा १९४१ साली आले होते — की नव्हते आले? आठवत नाही.

२१ फेब्रुवारी

पिल्लं ओरडतात. आईबापाच्या घशातूनच खातात, दुसऱ्या कुणाच्या हातचं घेत नाहीत. तरी एलादिओ मासळीचे तुकडे घेऊन दोन तास उतारावर बसला. मी पाहिलं असं त्याला कळू दिलं नाही.

२४ फेब्रुवारी

पिल्लांचा आवाज थांबला.

२६ फेब्रुवारी

धक्क्यावर जाऊन पाण्यात हात घातला. कोमट! भांडी धुतल्यावर उरतं तसं. हे पाणी थंड असायला हवं, इतकं की बोटं आखडावीत. पाणी तापलं की छोटी मासळी खोल जाते, पक्षी तिच्यामागे जातात किंवा उपाशी मरतात. मासळीतली अर्धी तर बंदरातल्या मासळीची पूड करणाऱ्या कारखान्यांनी आधीच दळून नेली. त्यांचा धूर इथून दिसतो.

एलादिओ दिवसभर मोठ्यांदा गातो. मी म्हटलं, गप्प बस. तो म्हणाला, "का? कोण उडणार आहे आता? तुम्ही?"

पक्षी बसलेले असताना सत्तावीस वर्षं या बेटावर कुणी गायलं नाही. लाँचसुद्धा अर्ध्या मैलावर इंजिन बंद करून वल्ही मारत येते. घरी रजेवर गेलो की मेल्चोरा म्हणते, "मोठ्यानं बोल की, घरात कुणी आजारी आहे का?" मला मोठ्यानं बोलताच येत नाही. बायकोशीही मी पक्ष्यांच्या आवाजात बोलतो.

३ मार्च

लाँच आली. पाण्याची पिपं, तांदूळ, कांदे, रॉकेल. आणि मेल्चोराचं पत्र, नेहमीसारखं शाळामास्तरांच्या हातचं. गाय व्याली, कालवड झाली. वरच्या शेतात बटाटा चांगला आला. गुडघा दुखतो. बरोबर भाजलेल्या मक्याची पिशवी.

लाँचवाला पांतालेऑन या खेपेला इंजिन चालू ठेवूनच धक्क्याला लागला. माझा जीव वरखाली झाला. तो हसला. "अनाक्लेतोबाबा, कुणाची झोप मोडणार आहे मी?" मग म्हणाला, सगळ्या बेटांवर हेच. इंजिनिअर तेयेरिया मे महिन्यात पाहणीला येणार आहेत. पक्षी परतले असले तर चौकी राहील, पुढच्या वर्षी पक्ष्यांच्या विष्ठेचं खत काढायची मोहीम. नसले तर चौकीला कुलूप. पाच-सहा वर्षं इकडे कुणी फिरकायचं नाही.

"मग आम्ही?"

"तुम्ही काय, घरी! तुमचं वय काय झालं बाबा?"

चौसष्ट. सांगितलं नाही.

९ मार्च

आले नाहीत. मका जपून खातो आहे, रोज एक मूठ.

१७ मार्च

दुपारी झोपायचा प्रयत्न केला. शांततेनं झोप येत नाही.

पहिल्यांदा आलो तो १९२६ साली, खत खणायला. पंचवीस वर्षांचा होतो. होडीतून उतरायच्या आधीच नाक जळायला लागलं, डोळ्यांना धारा. आणि तो आवाज! नदीला पूर आल्यासारखा, पण न थांबणारा. मी बरोबरच्यांना ओरडून विचारलं, नदी कुठे आहे? सगळे हसले. उतारावर जमीन दिसतच नव्हती. काळ्या पाठी, पांढरी पोटं, खांद्याला खांदा. मला वाटलं, आमच्या देवाच्या जत्रेलाही एवढी माणसं नसतात.

जुने मुकादम सांगायचे, शंभर वर्षांमागे इथे खताचा डोंगर होता, चर्चच्या मनोऱ्याहून उंच. शंभर शंभर जहाजं नांगर टाकून महिनोन्महिने थांबायची. परदेशातली शेतं त्यावर पिकली. खणायला चिनी माणसं आणली होती, फसवून. ती इथेच मेली. अजून मोहिमेत कुदळीला हाडं लागतात, एकदा वेणीसकट कवटी लागली. मी ती पूर्वेच्या टोकाला नेऊन पुरतो, वर दगड रचतो. सतरा ढीग झालेत. पार खडक लागेपर्यंत ओरबाडलं, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की पक्षी टिकले तरच खत. तेव्हा राखणदार नेमले. पुढे १९३८ साली मीही राखणदार झालो.

त्यांचा वाससुद्धा आता विरत चाललाय. उशीत तोंड खुपसून पाहिलं. उशीत अजून आहे.

६ एप्रिल

काहीतरी चुकलंय.

आज उत्तरेच्या उतारावर अगदी मधून चालत गेलो. पक्षी असताना कधीच जाता येत नाही, वाकून कडेकडेनं जावं लागतं. आता नुसत्या घरट्यांच्या रिंगणांच्या खुणा, वाळलेली पिल्लं. सवयीनं पावलं मोजत होतो. उताराच्या या कडेच्या भिंतीपासून त्या कडेच्या भिंतीपर्यंत. तीनशे दहा भरली.

चौकीतली पहिली वही काढली, १९३८ची. माझंच अक्षर. "भिंत ते भिंत — २४० पावलं."

भिंती दगडाच्या आहेत.

७ एप्रिल

रात्रभर वाटलं, मोजताना चूक झाली असेल. सकाळी पुन्हा गेलो. तीनशे बारा.

एलादिओला सांगावंच लागलं. तो म्हणाला, "भिंत सरकली असेल, तायता! तिलाही कंटाळा आला असेल तुमचा." मग त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. दोरी आणली, मीटरच्या खुणा केल्या, दोघांनी धरून मोजलं. एकशे ऐंशी मीटर. १९३८ साली होतं तेवढंच.

नेमणूक झाली तेव्हा साहेबांनी मला टेपेवरून चालायला लावलं होतं. "अनाक्लेतो कोचाचिनचं पाऊल — पाऊण मीटर" असं कागदावर लिहिलं, शिक्का मारला. तेव्हापासून दर महिन्याला मी पक्ष्यांच्या जमावाची लांबी-रुंदी पावलांनी मोजतो, त्याचे मीटर करतो, एका चौरस मीटरात तीन पक्षी धरतो. सगळ्या बेटांत माझा आकडा सर्वांत भरवशाचा! चाळीस आणि पन्नासच्या सालांतही तेवढाच. दरवर्षी तेवढाच.

पाऊल म्हातारं झालं. पाऊण मीटरचं अर्ध्याच्या जवळ आलं. जमाव आक्रसत होता आणि माझी पावलंही त्याच्याबरोबर आक्रसत होती, म्हणून आकडा हलला नाही.

शाळेत मी दोन वर्षं गेलो. हा हिशेब मला जमेना. एलादिओनं भिंतीवर कोळशानं मांडला. म्हणाला, "लांबीही फुगली, रुंदीही. जिथे तुम्ही दहा पक्षी लिहिले तायता, तिथे सहाच होते." आणि कोळसा पुसून टाकला. मी पुसू नको म्हटलं नाही.

८ एप्रिल

माझ्या आकड्यावर मोहिमा ठरत होत्या.

१४ एप्रिल

आता रोज एकच डोक्यात. आकडा भरला की मोहीम — तीनशे माणसं, कुदळी, झाडू, चाळण्या, पोती. तीन महिने गदारोळ. मोहिमेनंतर पक्षी परततात, पण जरा कमीच. दर वेळी जरा कमी, आणि मला वाटायचं, दिसतात कमी, माझी नजर मंदावली असेल. आकडा तर बरोबर आहे! डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, पायांवर ठेवला. खरा आकडा गेला असता तर पाच वर्षं, सात वर्षं बेट मोकळं सोडलं असतं. गेल्या आठ वर्षांत चार मोहिमा झाल्या. शेवटची गेल्या वर्षीच, नुसता खडक उरलाय.

कोमट पाण्यानं घालवले ते पुन्हा येतील. मी घालवले ते?

२१ एप्रिल

लाँच आली. मेल्चोराचं पत्र. या वेळी लहान. मास्तरांनी शब्द बदलले नाहीत असं दिसतं, तिचा आवाज ऐकू आला.

"अनाक्लेतो, पक्षी गेल्याचं बाजारात कळलं. पक्षीच नाहीत, तर तू राखण कशाची करतोस? चौतीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. मी बोटांवर मोजलं, रजेचे महिने धरून तू माझ्याजवळ साडेचार वर्षं राहिलास. माझं आंगण उन्हाचं आहे. ये."

पांतालेऑन उत्तरासाठी थांबला होता. "काय लिहू त्यांना, बाबा? येतो की नाही?"

मी म्हटलं, पाहणी झाल्यावर.

"तुमची बायको पाहणी व्हायच्या आधी दुसरा करील हं!" तो म्हणाला. एलादिओ हसला. मीही हसलो, मग आत येऊन पत्र चार वेळा वाचलं. साडेचार वर्षं. ते आंगण मला दिसतं — भिंतीला टेकलेलं जोखड, वाळत घातलेला मका, ती पाय पसरून सूत कातते आहे, शेजारची जागा मोकळी. इथून गाव आठवतो. गावात असलो की इथला आवाज आठवतो, तिसऱ्या दिवसापासून. तिला ते ओळखू येतं. ती मक्याची पिशवी भरायला घेते.

२ मे

पाणी थंड. बोटं आखडली! दोनदा घालून पाहिलं.

५ मे

दहा-बारा पेलिकन टोकावर बसून गेले. आपले नाहीत.

देवा, पक्षी यावेत असं मागावं की येऊ नयेत असं? आले तर चौकी राहील, मी राहीन, त्यांना पाहीन — आणि पुढच्या वर्षी तीनशे कुदळी. नाही आले तर घरी. पण मग डोळे मिटेपर्यंत तो रिकामा उतारच दिसत राहील. छाती भरून येते. एलादिओ म्हणतो, ते कांद्यानं होतं.

११ मे

ठरलं. साहेबांना पावलांचं सगळं सांगायचं. काढून टाकलं तरी चालेल. तुरुंगात टाकतील का? एलादिओ म्हणाला, "पाऊल आखूड असल्याबद्दल? मग माझ्या सासूला जन्मठेप!"

१९ मे

इंजिनिअर तेयेरिया आज दुपारी आले. वयानं माझ्या मुलाएवढे, मुलगा असता तर. बोट लागली होती, तोंड पांढरं. एलादिओनं चहा दिला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टेप, शिक्का, २४०, ३१०. ते म्हणाले, "जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

त्यांनी वही चाळली. रागावले नाहीत. रागावायला हवं होतं! म्हणाले, "बाबा, राजधानीत तुमचे पाय कोण मोजतंय? आकडे आले, पोती भरली, बोटी गेल्या. आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार?"

मी म्हटलं, पक्ष्यांचं.

ते हसले, वाईट नाही, थकून. म्हणाले, खताला मागणी आहे, वरून सारखे विचारतात. कुठल्याही बेटावर थोडेफार जरी परतले असतील तरी त्या बेटाची मोहीम पुढच्या वर्षासाठी लावायची, तसा हुकूम आहे. "पन्नास हजार असले तरी चालतील." उत्तरेचा उतार त्यांनी दुर्बिणीतून पाहिला. रिकामा. दक्षिणेची घळ कड्याआड आहे, चौकीतून दिसत नाही. वाट निसरडी, त्यांना चक्कर येत होती. "उद्या सकाळी तुम्हीच बघून या. तुमच्या शब्दावर लिहितो. तुमच्याइतकं हे बेट कुणाला माहीत आहे?"

मी आकडा चुकवला हे सांगितल्यावर अर्ध्या तासात!

२० मे

उजाडताना घळीकडे गेलो. कड्याच्या अलीकडेच आवाज लागला. बूट काढले, पोटावर सरकत गेलो. घळ काळी झाली होती — या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही तर चोचीत पिसं आणून घरटी मांडत होते. किती वेळ पडून राहिलो माहीत नाही. पावलं मोजली नाहीत.

परत आलो. साहेब पेन उघडून बसले होते. "किती?"

"एकही नाही, साहेब."

त्यांनी शून्य लिहिलं, खाली माझी सही घेतली. बंदरात सगळ्यांना कळेल, बेट ओस पडलं. ओस बेटावर अंडी चोरायलाही कुणी येत नाही. एलादिओ माझ्या अनवाणी पायांकडे बघत होता. पांतालेऑनला म्हणाला, "इंजिन लावू नकोस, समुद्र शांत आहे, वल्ही मारू."

हे त्यांच्यासाठी केलं की मेल्चोराच्या आंगणासाठी, मला सांगता येत नाही. दुपारी निघतो.