पुसलेली खिडकी

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून मनातल्या मनात). तुमची कंबर आता कशी आहे? माझी तब्येत उत्तम आहे असं डॉक्टर म्हणतात. मला कोणी विचारलेलं नाही.

हे गेल्यापासून ह्यांची चित्रांची खोली मी उघडली नव्हती. परवा गॅलरीवाले ह्यांची शेवटची चित्रं बघायला येणार होते, म्हणून उघडली, आणि पाहुणे येणार म्हटल्यावर माझे हात कसे शिवशिवतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. (कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी मला प्रार्थना आणि पुसणं दोन्ही शिकवलं. पुसणं टिकलं.) तिथल्या खिडकीला ह्यांनी मला जन्मात हात लावू दिला नाही. "ती काच माझी, तू तुझी भांडी घास," म्हणायचे. मला वाटायचं, आळस. साबणाचं पाणी आणि वर्तमानपत्र घेऊन मी ती लख्ख केली. मागे वळले, तर भिंतीवरची चित्रं अंगावर खेकसली! ज्या पिवळ्यात मला दिवेलागणीआधीचं ऊन दिसायचं (त्या वेळी स्वयंपाकघरापर्यंत हाक यायची, "ये गं, आता बघ!"), तो नुसता डब्यातला पिवळा होऊन बसला होता. गॅलरीवाले बराच वेळ हनुवटी खाजवत उभे. "बाई, मागे पाहिली तेव्हा ही मऊ होती हो." मी म्हटलं, "मागे खिडकी घाण होती." ते हसले. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं हे त्या धुळीतून गाळून आलेल्या उजेडातच रंग कालवत होते, वन्सं, आणि तो उजेड मी फडक्यात घेऊन बादलीत पिळला.

गॅलरीवाले गेल्यावर मी काचेला चहाचं पाणी फासलं, वर पावडर उडवली. आता खिडकी कावीळ झाल्यासारखी दिसते, आणि मुंग्या लागल्यात. प्रदर्शन होईल. लोक म्हणतील, काय झगझगीत रंग! हे मात्र त्या चित्रांत नसतील.

बाकी ठीक. कंबर जपा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. लग्नाआधी हे तुमच्या माळ्यावरच्या खोलीत रंगवायचे. तिथली खिडकी ताईनं, म्हणजे तुम्ही, कधी पुसली नाही, असं फार कौतुकानं सांगायचे. (मी टोमणा समजत असे.) कृपा करून अजूनही पुसू नका. ह्यांच्या चित्रांतलं छोटं पिवळं घेऊन रविवारी येते.

आणखी एक. पत्र पोचायच्या आत पुसली असलीत, तरी येते. संध्याकाळी "आता बघ" म्हणायला कुणीतरी हवं.