कतरीनबायचा सण

१९ मार्च
खोलीत खिळा मारायचा नाही – घरमालकीण कतरीनबाय ठाम आहे. "तो गिलावा माज्या म्हाताऱ्यानं सवता केलाय. भोक नाय पाडायचा, केदार." आरसा खिडकीत टेकवून ठेवतो. वारा आला की पडतो. अजून फुटला नाही. फुटेल!
बाय तारीख सांगत नाही, संत सांगते. "गॅस जोसेफच्या सणाला येल." मोबाईलवर पाहिलं – म्हणजे आजच.

२ एप्रिल
बायचा मुलगा इनासदादा वसईहून आला होता. उमरोळीचं हे घर विकून तिला आपल्या फ्लॅटवर न्यायचं म्हणतो. बाय नाही म्हणाली. जाताना हसत म्हणाला, "आता म्हन नाय. तुज्या सणाला येतो, मंग बघतो कशी नाय म्हनते!"
तो गेल्यावर बायला विचारलं. यांच्यात ज्या संताचं नाव आपल्याला, त्याचा दिवस तो आपला सण. त्यात बायच्या माहेरची रीत – सणाला जो पहिला दारात येऊन मागेल, त्याला नाही म्हणायचं नाही. तिच्या बापाने अशी दुभती म्हैस देऊन टाकली होती. बायने रीत आजवर मोडलेली नाही.
म्हणजे तो मागणार. ती देणार. मी बाहेर.

५ एप्रिल
मोबाईलवर शोधलं. संत कॅथरीन – २९ एप्रिल. बोईसरला एक खोली पाहून आलो. खिडकीच नाही. कंपनीच्या बसमध्ये रामनाथ म्हणाला, "अबे, मग तूच पहिला जा ना! म्हणावं, घर नको विकू." असं कसं मागायचं? घर माझं थोडंच आहे!

२९ एप्रिल
सुट्टी टाकली. सकाळीच केक घेऊन दारात उभा राहिलो. "बाय, सणाच्या शुभेच्छा."
तिने केककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसत सुटली. "अरे येड्या, ही सिएनाची! माजी कतरीन अलेक्झांड्रियाची, तसबिरीत बाजूला चाक हाय ना, ती चाकवाली. नोव्हेंबरात, पंचवीसला." (दोन्ही गावांची नावं तपासून लिहिली.)
मी डबा बंद करू लागलो. "ऱ्हाऊदे! आनलास तर माग. काय पायजे?"
घर म्हणायचं होतं. तोंडातून निघालं – "खिळा."
"आनी?"
"एकच."
"मार."

३ मे
मारला नाही. विकायच्या भिंतीत कशाला?

३१ जुलै
इनासदादाचा सण. बायने उठल्या उठल्या फोन लावला. ती स्पीकरवरच बोलते, त्यामुळे ऐकू आलं. "इनास, मी पयली ना? मंग मागते. माजं घर ऱ्हाऊदे."
"आय, ती तुज्या माहेरची रीत. मी नाय मानत असलं काय."
बायने फोन ठेवला. वांगी चिरायला घेतली. मी पाणी भरून आलो.

१ नोव्हेंबर
आज सगळ्या संतांचा सण. "ज्यांची नावा कोनाला ठावं नाय, त्यांचापन," बाय म्हणाली. मला वाटीभर खीर.

२४ नोव्हेंबर
बॅग भरली. आरसा चादरीत गुंडाळून वर ठेवला.

२५ नोव्हेंबर
इनासदादा पहिल्या गाडीने आला. हातात केक, मागे घराचं गिऱ्हाईक. "आय, आज मी पयला! आता नाय म्हनायचं नाय."
बाय ओट्यावर मासे साफ करत होती. "आज काय हाय?"
"तुजा सण!"
"माजा एप्रिलात झाला. सिएनावालीचा. केदार पयला आलता. मागून गेला."
"आय, जल्मभर तुजी चाकवाली –"
"बदलली."
इनासदादा माझ्याकडे वळला. "काय मागितलंस रे?"
"खिळा."
गिऱ्हाईक फिसकन हसलं. इनासदादाने केक ओट्यावर आपटला आणि गेला. गिऱ्हाईक त्याच्यामागे.
कोनाड्यात चाकवालीची तसबीर आहे. या दिवशी बाय तिच्यापुढे मेणबत्ती लावते, लग्न होऊन आली तेव्हापासून. आज लावली नाही. दिवसभर त्या बाजूला पाठ करून बसली.

२६ नोव्हेंबर
बायने हातोडी आणून दिली. म्हणाली, "दोन मार. एक तुज्या आरशाला, एक सिएनावालीला. तिचा फोटो बोईसरला भेटंल."
दोन मारले.