नमुन्याचं दार

प्रिय बाबा,

मी नमुना-खोलीत अडकलेय आणि तुम्ही बाहेर स्टुलावर बसून मला धीर देताय. कुलूपवाला येईपर्यंत लिहिते. हसू नका, इथे खरंच जीव गुदमरतोय. खिडकी नाही, पंखा नाही, आणि भिंतीवर आपल्याच कंपनीचं पोस्टर: 'एका शब्दावर उघडणारं दार'.

घोळ सापडला. या नमुन्याच्या दाराचा प्रोग्राम तुम्ही खऱ्या दाराचा सबक्लास, म्हणजे त्याच्या प्रोग्रामचा वारस, म्हणून लिहिलात. तयार कोड आयता मिळत होता ना. तेव्हा याला कुलूपच नव्हतं, म्हणून 'उघड' हा आदेश पोकळ ठेवलात. करायचं काही नाही, नुसतं 'उघडलं' म्हणायचं. 'बंद' मात्र वारशाने आलं, जसंच्या तसं. आज सकाळी सुताराने खरं कुलूप बसवलं, मी आत आले आणि 'बंद' चोख चाललं. आता 'उघड' म्हटलं की स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'उघडलं' येतं आणि दार ढिम्म हलत नाही. प्रोग्राम तपासणाऱ्या कंपायलरने तेव्हा हूं की चूं केलं नसणार, त्याला नात्याशी मतलब.

सबक्लास म्हणजे कोणाकडून काय घेतलं. सबटाइप म्हणजे मूळ वस्तूच्या जागी उभं केलं तरी समोरच्याची फसगत होत नाही. पहिलं असलं की दुसरं असणारच, असं तुम्ही धरून चालता. आत्याही माझ्याकडे बघून तेच म्हणते: नाक दादाचं, अक्षर दादाचं, म्हणजे दादाची खुर्चीही हिचीच.

लहानपणी मी तुमचा चष्मा लावून तुमच्या टेबलाशी बसायचे आणि येईल त्या गिऱ्हाइकाला 'होऊन जाईल' म्हणायचे, आठवतं? सगळे हसायचे. अजून तेच करतेय, फक्त आता कोणी हसत नाही. तुमच्या 'होऊन जाईल'नंतर काम व्हायचं. माझं म्हणून झालं की मी तुम्हाला शोधत येते.

सोमवारपासून कंपनी मी चालवणार, असं तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलंत. मला विचारलंत तेव्हा मी 'हो' म्हणाले. बाबा, ते 'हो' या दाराच्या 'उघडलं'सारखं होतं. प्रोग्राम मी जन्मभर लिहीन, तुमच्या शेजारी बसून लिहीन. तुमच्या जागी मात्र मला बसवू नका. समोरासमोर आलो की मी पुन्हा 'हो' म्हणेन, म्हणून हा कागद दाराखालच्या फटीतून सरकवतेय. कुलूपवाला आला असेल तर त्याला जरा थांबवा. आधी हे वाचा.

तुमचीच,
खुडबुडी