तिरफळ ताटाच्या कडेला

प्रिय मावशी,

नावाआधी 'कैलासवासी' लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. हात धजला नाही. तुझी खाणावळ मी काल उघडली, पण ती चालू झाली आज. हे तुला नाही सांगायचं तर कुणाला?

मामा खाणावळीची खोली कॅसेटच्या दुकानाला भाड्याने द्यायला निघाले होते. "तुका एकट्याक झेपचें ना रे!" मी कसेबसे दोन दिवस मागून घेतले.

आठवीत माझी शाळा सुटली. डिचोली मला कळली ती तुझ्याकडे घासलेल्या उष्ट्या ताटांवरून! "कडेक पळय, मनीस खंयचो तें कळटा," असं तू म्हणायचीस, आणि ताटाची कड पाहून माणूस कुठला ते मीही ओळखू लागलो. खाडीकाठच्या चोपड्याहून आलेल्या बांगड्यांचं हुमण, नारळाच्या रसातलं ते कालवण, सगळ्यांना सारखंच. पण मुळगावचा शेतकरी त्यात वासापुरतं घातलेलं अख्खं तिरफळ निमूटपणे ताटाच्या कडेला ठेवायचा. खाणीवरचा कोल्हापूरकर उकड्या भाताला नाक मुरडून आधी कांदा मागायचा. गोवा वेगळं राज्य झालं, कचेऱ्यांच्या इमारती उठू लागल्या, बेळगावकडचे गवंडी आले, आणि त्या वयात तू भाकऱ्या थापायला शिकलीस. कुणाकडून गं? त्यांच्या बायकांकडूनच ना?

मारुती गवंडी पहिल्यांदा आला, तो दिवस आठवतो? त्याने तिरफळ वाटाण्यासारखं चावलं!

"मावशी, काय घातलंय ह्यात? जीभच गेली की माझी!"

"वचूंक ना रे ती. गोंयची जाली," म्हणून तू त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवलास. तेव्हापासून तो रोजचाच झाला.

काल मी घाबरलो, मावशी. नवं कुणी आलं, जीभ बधिर झाली, रागावून उठलं, तर मामांना कारणच मिळेल. म्हणून मी तिरफळं घातलीच नाहीत. मीठ मात्र पुन्हा पुन्हा चाखलं. मारुतीने दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"भाच्या, हे कुणाचं जेवण रं? जिभेला मुंग्याच येईनात."

ताटांत हुमण उरलं. मामा बोटात खोलीची चावी फिरवत बसले.

तुझा रागच आला मला. छातीत दुखतंय हे तू लपवलंस, आणि मागे शिकवण ठेवलीस ती एवढीच: "अंदाजान घाल!" माझ्यासारख्या भित्र्याने अंदाज आणायचा कुठून?

आज तिरफळं ठेचली, भिजवली आणि डोळे मिटून घातली. मारुतीने गावाकडून आलेला एक नवा गवंडी आणला होता, आणि लबाडाने त्याला काहीच सांगितलं नाही. तो ओरडला, "अयाया, जीभ!" सगळी खाणावळ हसली. तू गेल्यापासून त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं गं!

मी गुळासाठी धावलो, तर डबा रिकामा. तेवढ्यात मामा उठले, बाजूच्या दुकानात गेले आणि गुळाची ढेपच घेऊन आले.

"धर. आनी फुडें हो डबो रितो दवरूं नाका."

चावी त्यांनी डब्याशेजारीच ठेवली.

मावशी, तो डबा मी कधी रिकामा ठेवणार नाही. भाकऱ्या अजून वाकड्या होतात, त्याही सुधारीन. आणि पहिल्यांदा येणाऱ्याला तिरफळाचं आधी सांगणार नाही. तूही सांगत नव्हतीस.

तुझा भाचा,
संतोष