तीन नंबरची टाकी

सोमवार, ४ तारीख
आलो एकदाचे! कारखान्याच्या आवारातच दोन खोल्या मिळाल्या. बायकोने खिडकी उघडली आणि तेलाच्या वासाने नाक मुरडलं. मी म्हटलं, आठवड्यात सवय होईल. प्रयोगशाळा छोटी, पण नेटकी. काम माझ्या आवडीचं : कच्च्या तेलात कॉस्टिक सोडा घातला की आंबटपणा साबण होऊन तळाशी बसतो. मग मातीने रंग ओढायचा, वाफेने वास उडवायचा. शेवटी उरतं ते लख्ख तेल. मुकादम दिलखुलास माणूस. त्याने हौसेने सगळ्या टाक्या दाखवल्या.

बुधवार, ६
तीन नंबरच्या टाकीतली आम्लता पाचपट निघाली. तीनदा तपासली. वर जळका वास. कुठलं तरी वापरलेलं तेल चांगल्यात मिसळतात, दुसरं काय? हे लोकांच्या पोटात जाणार. तेल शुद्ध असल्याच्या दाखल्यावर सही करणार नाही म्हणून मुकादमाला सांगितलं. मुकादम हसला. म्हणाला, आधीचे साहेबही असेच हट्टी होते.

गुरुवार, ७
ते साहेब नोकरी सोडून गेले म्हणे. पण त्यांचा डबा, चष्मा, बूट कपाटात तसेच आहेत. बूट सोडून कोण जातं?

शुक्रवार, ८
बायको भाजी आणायला निघाली, तर पहारेकऱ्याने फाटकावरून परत पाठवलं. मुकादमाची चिठ्ठी हवी. मी गेलो, तरी तेच. मुकादम म्हणतो, सही करा, चिठ्ठी घ्या.
बायको म्हणाली, "अहो, करून टाका ना सही. जाऊ या इथून."
नाही केली. ती जेवली नाही.

शनिवार, ९
दुपारी मुकादम म्हणाला, घाण तेल काढून टाकलं, उतरून तळ बघा, म्हणजे मिटलं. मिटावं असं मलाही फार वाटत होतं. उतरलो. त्याने शिडी वर ओढली. झाकण—

वही खिशात होती. बॅटरीच्या उजेडात लिहितोय. भिंतीला साबणाचा थर. त्यात बोटांच्या रेघा. माझा हात पोचत नाही इतक्या वर. तेल चढत गेलं तसे आधीचे साहेबही—

नळ सोडला. कोमट तेल. घोट्यापर्यंत.

गुडघे. पत्रा बडवतोय.

बायको! बाहेर. विचारतेय, आमचे हे कुठे आहेत? मुकादम सांगतोय, मघाशीच फाटकाबाहेर गेले. तिने विचारलं, हा ठणठणाट कसला? तो म्हणाला, काही नाही वहिनी, गरम तेल भरलं की पत्रा वाजतोच.



पावलं तिचीच. जवळ येतायत की लांब—