ताईनं पाठवलेलं पाणी

३ जाने. ८३
मुन्नीचं पोट पुन्हा दुखलं. ताईची एकुलती पोर. दिवाळीपासून उलट्या, चेहरा पांढराफटक. कोराडीचा डॉ. जंताच्या औषधापुढं जात नाही. ताईचं एकच, "वीज केंद्राची राख विहिरीत उतरली वं. तू तपास." भाऊजींच्या हाती पाण्याची बाटली पाठवली आहे.

५ जाने.
लॅबमधला परदेशी इलेक्ट्रोड बिघडला तो बिघडलाच. मी टॉर्चच्या मेलेल्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या काढते, धुते, मेणबत्तीच्या मेणात बुडवते, टोक घासते. एकदा वापरायची, फेकायची. सर म्हणतात, "कचऱ्यातून पीएच.डी. करून राहिली तू." हसा म्हणावं. पाण्यातलं शिसं तर पकडतात माझ्या कांड्या.

७ जाने.
ताईच्या पाण्यात शिसं. यंत्राच्या कागदावरची रेघ सरळ वर चढली. नवी कांडी लावली, तेच. डिस्टिल्ड पाण्यात काही नाही. सर हसले नाहीत. मला मात्र भीती वाटते आहे.

८ जाने.
ताईकडे जाऊन सांगितलं. भाऊजी त्याच वीज केंद्रात कामाला. "कुठं बोलू नको. नोकरी जाईन माही." पण ताईनं तोवर गल्लीभर सांगून टाकलं. विहिरीवर काटे टाकले. बायका आता कुठून कुठून पाणी आणतील. निघताना काटे सारून मीच एक बाटली भरली, पुन्हा तपासायला.

१० जाने.
विहिरीत शिसं नाही!
कांड्या बदलून बदलून पाहिलं. कांडीच खोटी असेल म्हणून ताईच्या बाटलीतलं उरलेलं पाणी लावलं. रेघ चढली. म्हणजे कांडी खरी. मग काय?

११ जाने.
पुन्हा कोराडीची बस. ताईला विचारलं, पहिली बाटली कशी भरली?
"उकळून, गाळून. तुह्या कॉलेजात कच्चं पाणी कसं पाठवू? मुन्नीसाठी उकळते ना, त्याच पातेल्यातलं दिलं."
पितळेचं पातेलं. आईनं दिलेलं. दिवाळीला आईनंच लकडगंजात नेऊन कल्हई करवली होती. मुन्नीची कढीपण त्यातच, आंबट. कल्हईच्या कथिलात शिसं मिसळतात काही जण, स्वस्त पडतं म्हणून...
पातेलं घेऊनच लॅबमध्ये आले. डिस्टिल्ड पाणी उकळून पाहिलं. चढली रेघ. लॅबमध्येच रडले.

१२ जाने.
मुन्नीला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. रक्त मुंबईला पाठवलं. रक्तातलं शिसं माझ्या कांडीला अजून पकडता येत नाही.
काटे तसेच. भाऊजी म्हणतात, काढा म्हणू तर काहून म्हणून सांगू? सासूचं नाव घेऊ?

१३ जाने.
उद्या संक्रांत. घरात तीळ भाजलेले नाहीत. आईनं विचारलं, "पोरीले काय झालं, समजलं का?" सांगितलं सगळं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं.
ती पाटावर बसली. मग म्हणाली, "मी त्या कल्हईवाल्याले म्हटलं होतं, जाड लाव गा, लेकीच्या घरी जाऊन राहिलं."
आणि मला विचारलं, "आता निघते का वं ते, आंगातून?"
मुंबईहून रिपोर्ट आलेला नाही.